पाण्यापर्यंतचा वेळ

वाघोलीत कुणाच्या मोटारीला काय झालंय, हे ज्ञानदेवला मोटार उघडायच्या आधीच कळायचं. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, ज्याला दुकानात सगळे डिसमिस म्हणत, त्याचं टोक चालू मोटारीच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग लोखंडातून आत काय चाललंय ते सगळं डोक्यात यायचं. कुठे गोळी घासतेय, कुठे वंगण सुकलंय, कुठे पाणी शिरलंय. वीस वर्षं त्याने याच कानावर घर चालवलं. जळालेली मोटार आली की जुनी तार उपटून काढायची, पण काढताना प्रत्येक खाचेतले वेढे मोजून वहीत लिहायचे, आणि तितकेच वेढे नव्या तारेचे भरायचे. अशा अकरा वह्या भरल्या होत्या.

बारावी वही अर्धीच राहिली. वावरांच्या सोसायट्या झाल्या, विहिरी एकेक करून मातीखाली गेल्या आणि पाणी टँकरने यायला लागलं. सोसायट्यांतही मोटारी होत्या. पण फेब्रुवारीत एका सोसायटीत तो विचारायला गेला, तर टाय लावलेला मॅनेजर म्हणाला, "काका, मोटार भरून कोण घेतं आता? जळली की नवीन. गेटवर नाव लिहिलंत ना आत येताना? जाताना वेळ टाका."

ज्ञानदेवने जाताना वेळ टाकली. अकरा वाजून दहा मिनिटं. एवढ्या उन्हात तो परत आला, दुकानाच्या पत्र्याखाली बसला आणि दुपारी चारपर्यंत एकही माणूस आला नाही.

जया, त्याची बायको, घरामागच्या आठ गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर काढायची आणि सकाळी सोसायटीच्या गेटसमोर जुड्या घेऊन बसायची. तिथेच तिला एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतलं पत्रक मिळालं. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिने ते त्याच्यापुढे सरकवलं.

"वाचा."

कर्वेनगरातल्या एका संस्थेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम होता. रेडिओ आणि टीव्हीसाठी ध्वनिमुद्रण, संपादन, प्रसारणाचं तंत्र. संस्थेचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र होतं, आणि तुकडीतल्या एकाला तिथेच तंत्रज्ञ म्हणून घेणार होते. दहावी पास. वयाची अट नाही.

"एक्केचाळीस वर्षांचा माणूस पोरांच्यात बसून शिकणार व्हय?"

"नगा बसू. पत्र्याखाली बसा." जयाने भाकरी उलटली. "तुमच्या कानाला जे ऐकू येतं ते मला आजवर एकदाबी ऐकू आलं न्हाय. कुणाला तरी उपयोग हुईल त्याचा."

त्याची आई, मुक्ताबाई, कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "रेडिओत जाणार? मंग खाकरणं बंद कर आधी."

*

पहिल्या दिवशी संस्थेच्या रखवालदाराने त्याच्या हातातली पिशवी आणि पायांतली चप्पल पाहिली आणि म्हणाला, "वायरमन ना? मीटर मागच्या बाजूला आहे." वर्गात गेला तर एका पोराने एसीचा रिमोट त्याच्या हातात दिला. "काका, हा कूलिंगच करत नाहीये." ज्ञानदेवने रिमोट उघडला, सेलची पट्टी वाकवून बसवली, एसी चालू करून दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मग पोराला कळलं. तो लाल झाला आणि दिवसभर त्याच्याकडे बघेना.

शिकवायला दत्तप्रसाद सर होते. आयुष्य आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रांमध्ये काढून निवृत्त झालेले, कोथरूडचे, इस्त्रीचा सदरा, आणि वाक्य असं तोडून बोलायचे की उरलेलं समोरच्याने समजून घ्यावं. पहिल्याच तासाला त्यांनी दिवे घालवले.

"दहा मिनिटं. डोळे मिटा. ऐकू येईल ते लिहा. मोबाईलमध्ये नाही, कागदावर. कागद माहीत असेलच."

दहा मिनिटांनी त्यांनी ज्ञानदेवचा कागद वर धरला आणि वाचला. "'पंख्याचं बुश गेलंय. तिसऱ्या ट्यूबचा चोक गुणगुणतो. खाली पाण्याची मोटार, तिचं मागचं बेअरिंग महिनाभर टिकेल.'" ते थांबले. "खाली मोटार आहे, हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. उत्तम. आणि या खोलीत एकोणीस माणसं होती. त्यांचं काय?"

"माणसांकडं लक्ष नव्हतं, सर."

"हं," सर म्हणाले. "ते आणा."

रोज सकाळी जयाबरोबर मेथी उपटायची, मुळं धुऊन जुड्या बांधायच्या, तिला गेटवर सोडायचं आणि तिथून स्कूटरवर सगळं पुणं आडवं ओलांडून नऊला कर्वेनगर. मार्च-एप्रिलचं ऊन हेल्मेटच्या आत शिजायचं. पाठ ओली आणि ओठ कोरडे घेऊन तो वर्गात शिरायचा. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो आणि काम झाल्यावर तो अर्धा मिनिट भरून घ्यायचा असतो, हे तो शिकला. कॉम्प्युटरवर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो आणि त्यातला नको तो तुकडा कापता येतो, हे शिकला. शेजारच्या बाकावरच्या अवनीने, जिला निवेदक व्हायचं होतं, त्याला माऊस धरायला शिकवला. "काका, तो डिसमिस नाहीये. एवढा दाबू नका." बदल्यात त्याने तिला तुटलेली केबल डाग देऊन जोडायला शिकवलं. महिन्याभरात एसीच्या रिमोटचा पोरगाही केबल घेऊन त्याच्याकडे यायला लागला. ज्ञानदेवने बोटांत धरलेली डागाची तार थरथरत नसे, आणि ते बघायला पोरं गोळा व्हायची.

शेवटच्या महिन्यात परीक्षेचं काम मिळालं. एका माणसाचा आवाज, बारा मिनिटं, केंद्रावरून प्रसारित करण्याच्या लायकीचा. त्यावरून जागा ठरणार होती.

ज्ञानदेवने कचरूतात्यांना धरलं.

*

कचरूतात्या म्हणजे वाघोलीतल्या निम्म्या विहिरी खणलेला माणूस. आता अडुसष्ट वर्षांचा, हातांची बोटं न मिटणारी, आणि दगडाची भुकटी छातीत बसल्यामुळे दर वाक्यामागे श्वास ओढणारा. त्यांनी खणलेली एकच विहीर आता उघडी होती. ज्ञानदेवच्या भावकीतली, साठ फुटांची. चुलतभाऊ भैरूने ती जमीन विकली होती आणि शुक्रवारी विहीर बुजवायची ठरली होती.

"त्या विहिरीवर मी पाट्या वढल्यात," मुक्ताबाई म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर साली. लगीन हून दोन म्हैने झालं व्हतं. पाणी लागलं त्या दिवशी मी वरून तीन हाळ्या दिल्या ह्या कचरूला. वोच न्हाय दिली. मला वाटलं, गेला. दोर सोडून बोंबलत सुटले मी. अन् हा घंट्याभरानं वर आला, हसत. इचार त्याला, तोंडात काय धरलं व्हतं."

ज्ञानदेवने ते विचारलं नाही. त्याच्या कागदावर प्रश्न तयार होते. किती फूट, कोणता दगड, किती माणसं, सुरुंग कसे भरायचे. सोमवारी त्याने तात्यांना विहिरीच्या काठावर बसवलं, माईकला वारा अडवणारी केसाळ टोपी घातली, कानाला हेडफोन लावला. तात्यांनी सगळं सांगितलं. शेवटी मुठीएवढा दगड उचलून विहिरीत टाकला. "बघ, अजून पाणी हाय." खालून डुबुक आवाज आला.

ऊन इतकं होतं की रेकॉर्डर हाताला भाजत होता. तो लगेच निघाला. अर्ध्या मिनिटाचा रिकामा आवाज घ्यायचा राहिला.

मंगळवारी दिवसभर तो कॉम्प्युटरपुढे बसून होता. हेडफोनमध्ये तात्यांचा श्वास त्याला सहन होईना. सुकलेल्या बेअरिंगसारखा तो घासत होता. वीस वर्षांत त्याने असा आवाज ऐकून कधी मोटार तशीच परत दिली नव्हती. त्याने पहिला श्वास कापला. मग दुसरा. मग अडखळणं, मग थांबणं, मग मध्येच रेंगाळलेल्या मोकळ्या जागा. प्रत्येक कापणी वहीत लिहिली, कितव्या मिनिटाला, किती सेकंद, कशाची. संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा कापण्या झाल्या. तात्यांचं बोलणं नव्या मोटारीसारखं गुळगुळीत चाललं. मग त्याने कायम करत आलेलं काम केलं. नवी तार बसली की जुनीचा गुंता टेबलावर ठेवायचा नाही. मूळ फाइल पुसली आणि रेकॉर्डरचं कार्डही रिकामं केलं.

त्या संध्याकाळी अंगणात त्याने सगळ्यांना ऐकवलं. कचरूतात्या बाजेवर बसले होते. जया आणि मुक्ताबाई दारात. अकरावीतली अपेक्षा, त्याची मुलगी, पायरीवर. फोनला छोटा स्पीकर जोडला होता.

पाच मिनिटं झाली. मुक्ताबाईने तात्यांकडे बघितलं, मग स्पीकरकडे.

"हा दम कवा घेतो?"

"काढलाय तो, आई. कसं गुळगुळीत झालंय बघ."

"दम काढलास त्याचा?"

शेवटी दगड आला. 'बघ, अजून पाणी हाय,' आणि लागलीच डुबुक.

कचरूतात्यांनी मान हलवली. रागाने नाही, कुणाची तरी चूक आपल्याला सांगावी लागतेय म्हणून हलवतात तशी.

"ग्यानबा, ही माझी हीर न्हाय."

"तीच आहे तात्या, तुमच्याच हातानं टाकला ना दगड."

"मी साठ फूट खणलीय. हा तर हौद हाय. दगड हातातनं सुटला का लगेच पाण्यात." त्यांनी मोठा, खरखरीत श्वास ओढला. "ते शुक्रवारी बुजवणार व्हते. तू मंगळवारीच बुजवलीस."

ते काठी टेकत उठले आणि निघून गेले. जया त्यांच्यामागे कपभर चहा घेऊन फाटकापर्यंत गेली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

ज्ञानदेवने वही उघडली. दोनशे आठवी नोंद. 'दगड ते पाणी, १.८ सेकंद. ०.२ ठेवले.'

अपेक्षाने त्याच्या खांद्यावरून वाचलं. तिने वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन ओळींचं गणित मांडलं. "बाबा, एक पॉइंट आठ सेकंदांत दगड जवळपास सोळा मीटर पडतो. म्हणजे बावन्न फूट. साठ फुटांची विहीर, खाली थोडं पाणी, बरोबर बसतं." ती जरा थांबली. "आणि पॉइंट दोनमध्ये वीस सेंटिमीटर."

"म्हणजे?"

तिने अंगठा आणि करंगळी ताणून हवेत धरली. "वीतभर."

*

बुधवारी त्याने सरांना सगळं सांगितलं. लपवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. मोटार आपल्या हातून जळली तर गिऱ्हाइकाला सांगायची त्याची रीत होती.

सरांनी वही चाळली. बराच वेळ चाळली. "दोनशे अकरा. काय कापलं याची इतकी चोख नोंद मी खात्यात तीस वर्षांत पाहिली नाही." त्यांनी वही मिटली. "म्हणजे खून अत्यंत व्यवस्थित केलाय."

अवनीला राहवलं नाही. "काका, ओरिजिनल डिलीट? सीरियसली? बॅकअप पण नाही?" मग ती वरमली. "एक करू शकतो. ब्रीदिंगचे साउंड लायब्ररीत मिळतात. एक श्वास घ्यायचा, सगळीकडे पेस्ट. आणि दगडाच्या मधे दीड सेकंद सायलेन्स टाकायचा. कोणाला कळणार नाही."

ज्ञानदेवने करून बघितलं. दगड सुटला, आणि आवाज मेला. विहीर नाही, पाखरू नाही, वारा नाही, कुणी स्विच बंद केल्यासारखं. मग डुबुक. वहीत लिहिले होते तितके सेकंद बरोबर भरले होते, आणि तरी ती विहीर नव्हती.

"मला कळतंय," तो म्हणाला. "तात्यांना कळेल."

यंत्रं सगळी वाटून दिलेली होती. उरलेला एकच रेकॉर्डर शुक्रवारी सकाळी अवनीच्या नावावर होता. तिचंही परीक्षेचं काम व्हायचं होतं. तिने रजिस्टर पुढे ओढलं. मग आपलं नाव खोडून वर त्याचं नाव लिहिलं.

"माझी आजी कुठे पळून जात नाहीये. तुमची विहीर जातेय."

सर रजिस्टरवर सही करताना म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी न्या. शुक्रवारी बाराला परत. आणि ज्ञानदेव, या वेळी प्रश्न कमी न्या."

*

शुक्रवारी सकाळी सहाला तो कचरूतात्यांच्या दारात उभा होता. तात्या मिश्री लावत होते.

"एकदा खणलेली हीर परत खणायची व्हय रे?"

"माझ्या हातनं बुजली, तात्या. मीच खणायला आलोय. तुम्ही नुसतं काठावर बसा. बोलू वाटलं तर बोला. न्हाय वाटलं तर नका बोलू."

तात्यांनी चूळ भरली, टोपी झटकली आणि स्कूटरवर मागे बसले.

विहिरीवर पोचले तर मुरमाने भरलेले दोन डंपर आधीच उभे होते. पुढच्याचं इंजिन धडधडत होतं. मुकादम चेतन, पंचविशीतला, डोक्यावर पिवळी टोपी, हात आडवा करून पुढे आला. "काका, साइट आहे ही. मागं व्हा."

"पंधरा मिनिटं द्या. आवाज घ्यायचाय."

"कसला आवाज?"

"विहिरीचा."

चेतन हसला. मग त्याने कचरूतात्यांना पाहिलं. म्हातारा विहिरीच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून, आपल्याच ओट्यावर बसावं तसा. "आजोबा, पडाल!"

"ह्या हिरीत मी दीड वरीस उतरलोय," तात्या म्हणाले. "आता काय पडतोय."

चेतनने घड्याळ बघितलं. डंपरकडे वळून ओरडला, "भैया, गाडी बंद करो! दोनों!" इंजिनं थांबली. तो ज्ञानदेवला म्हणाला, "पंधरा म्हणजे पंधरा. साहेब येतील."

ज्ञानदेव तात्यांच्या शेजारी उकिडवा बसला. माईक त्याने तात्यांच्या छातीच्या जवळ धरला, जिथून श्वास निघतो तिथे. आधी अर्धा मिनिट विहिरीचाच आवाज घेतला. कपारीतली पारवी, खालून येणारा ओल्या दगडाचा घुमारा, लांबून हायवे. मजूर घमेली घेऊन उभे होते, तेही हलले नाहीत. हेडफोनमध्ये तात्यांचा श्वास येत होता, आत जाताना खरखर, बाहेर येताना शिट्टी. ज्ञानदेवने डोळे मिटले. पहिल्यांदाच त्याला तो बिघाडासारखा वाटला नाही. दगड फोडून आत गेलेली धूळ अजून तिथेच होती, आणि माणूस तिच्यातून वाट काढत बोलायला येत होता.

तात्या आपणहूनच खणण्याचं सांगत गेले. शेवटी त्याने एकच विचारलं. "तात्या, पाणी लागलं तवा आईनं तीन हाळ्या दिल्या. तुम्ही बोलला का न्हाय?"

तात्या बोलले नाहीत. पारवी उडाली. ज्ञानदेवचा हात अवघडला, दंडात कळ आली, पण माईक हलला नाही.

"दीड वरीस," तात्या म्हणाले, आणि श्वास ओढला. "रोज खाली. अन् त्या दिवशी पहारीखालनं पाण्याची धार आली. गार. घोट्याला लागली." श्वास. "वरून मुक्तावहिनी हाळी देतीया. मी वो दिली असती, तर समदं गाव वरून वाकून बघाया लागलं असतं. मालक, सरपंच, समदे. मंग ते पाणी त्यांचं झालं असतं." श्वास. "मला वाटलं, जरा येळ... जरा येळ हे पाणी माझं एकट्याचं असू दे. म्हणून न्हाय बोललो."

त्यांनी हाताशी असलेला दगड उचलला आणि सोडला.

चेतन, डंपरचे दोन ड्रायव्हर, घमेलीवाल्या बाया, सगळे नकळत पुढे वाकले. दगड खाली जात राहिला.

मग पाणी वाजलं.

*

सगळ्यांची कामं जमा झाल्यावर सरांनी ज्ञानदेवची बारा मिनिटं डोळे मिटून ऐकली. एकदा पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"तुमच्या प्रश्नानंतर सहा सेकंद काहीच नाही. रेडिओवर सहा सेकंद काही नसलं तर लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं."

"वाटू द्यात, सर. ते कापायचं नाही."

"मी कापा म्हणालो?" सरांनी चष्मा पुसला, उगाच जास्त वेळ पुसला. "एकही कापणी दिसत नाही. वहीत काय लिहिलंत?"

ज्ञानदेवने वही पुढे केली. कापलेल्याच्या जागी या वेळी एकच ओळ होती. 'दगड ते पाणी, १.८ सेकंद. सगळे ठेवले.'

दत्तप्रसाद सर हसले. तीन महिन्यांत त्यांना हसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "सोमवारी कामावर या. नऊला. नऊ म्हणजे नऊ वाजून पाच नव्हे. आणि येताना ते तुमचं डिसमिस आणा. खालची मोटार खरंच आवाज करतेय."

कार्यक्रम पुढच्या बुधवारी सकाळी अकराला लागला. निवेदन अवनीने केलं. केंद्राचं प्रसारण वाघोलीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जयाने ते इंटरनेटवरून मोबाईलवर लावलं आणि मोबाईल मेथीच्या वाफ्याच्या कडेला पाण्याच्या डब्यावर उभा करून ठेवला. ज्ञानदेव कर्वेनगरात यंत्रावर होता. त्याच्या मुलीने, आईने आणि बायकोने शेतात बसून ऐकलं. पलीकडे विहिरीच्या जागी आता लाल मुरूम होता, वरून रोलर फिरवून सपाट केलेला.

मुक्ताबाई ऐकता ऐकता जुड्या बांधत होती. ज्ञानदेवचा प्रश्न आला तसे तिचे हात थांबले. मोबाईल गप्प झाला. जया म्हणाली, "रेंज गेली काय?" मुक्ताबाईने तिला हाताने गप्प केलं. त्या गप्प जागेत कचरूचा श्वास आत गेला, बाहेर आला.

मग कचरू बोलला. पाणी, घोटा, हाळी, सगळं.

दगड सुटला. मुक्ताबाई ओठ हलवत राहिली, दोर सोडताना मोजायची तशी. पाणी वाजलं तेव्हा तिने मान हलवली, बरोबर म्हणून.

हातातली जुडी तिने परत उचलली, पाणी मारलं, मुळं एकसारखी केली.

"म्हणून बोलला न्हाय व्हय मेला," ती म्हणाली. "मी सत्तेचाळीस वरीस त्याच्याशी नीट बोलले न्हाय."

मग जुडी पाटीत टाकून तिने जयाला सांगितलं, "आज जरा जास्त मेथी काढून ठेव. कचरूकडं द्यायचीय."

पाटी भरली. मोबाईलवर अवनी पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगत होती, आणि तिच्या दोन वाक्यांमध्ये, अगदी बारीक, तिने श्वास घेतल्याचा आवाज येत होता. तो कुणी कापला नव्हता.